मालती, एलिझाबेथ आणि भुते



परतवाड्यात इतिहासावर बोलायला कोणी उभा राहिला, की तो गाविलगडावर किंवा एलिचपूरच्या नबाबांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि ती रास्तही आहे. मी आज बोलणार आहे एका इंग्रजी कादंबरीवर, आणि तीही अशी की जिच्यात कुलीन मुलींच्या लग्नाच्या गोष्टीत कबरीतून उठलेली प्रेते हिंडतात. चिटणीसांनी विषय ऐकला तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला. मी त्यांना म्हटले, काळजी करू नका, गाविलगडही वाटेत लागेल.

ते पुस्तक असे. जेन ऑस्टिन या बाईंची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी १८१३ साली लंडनात प्रसिद्ध झाली. बेनेट नावाच्या मध्यम स्थितीतल्या गृहस्थाच्या पाच मुली, त्यांची लग्ने जुळविण्याच्या चिंतेने कासावीस झालेली आई, दुसरी मुलगी एलिझाबेथ हिचा ताठा आणि डार्सी नावाच्या श्रीमंत तरुणाचा त्याहून मोठा ताठा, एवढ्यावर ही सारी कथा उभी आहे. कॉलेजात ज्यांनी इंग्रजी घेतले त्यांना ती परीक्षेपुरती तरी आठवत असेल. पुढे २००९ साली फिलाडेल्फियाच्या क्वर्क बुक्स या प्रकाशनसंस्थेने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ नावाचे पुस्तक काढले. सेथ ग्रॅहम-स्मिथ या अमेरिकन लेखकाने ऑस्टिनबाईंचा बहुतेक मजकूर जसाच्या तसा ठेवला आणि मधूनमधून आपली वाक्ये, आपले प्रसंग आणि आपली प्रेते घुसविली. मुखपृष्ठावर दोघांचीही नावे आहेत, जणू दोघांनी शेजारी बसून ते लिहिले. ऑस्टिनबाई १८१७ साली वारल्या. त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपलेला, तेव्हा तक्रार करायला कोणी उरले नव्हते. पुस्तक अफाट खपले, त्याच्या पाठोपाठ तशीच आणखी पुस्तके निघाली आणि २०१६ साली त्यावर चित्रपटही झाला.

मला हे पुस्तक माझ्या भाचीने पुण्याहून आणून दिले. दोन रात्रींत वाचून झाले. उन्हाळ्याचे दिवस, गच्चीवर अंथरूण, हातात बॅटरी, अशा थाटात वाचले हे कबूल करतो. खरे सांगायचे तर पहिल्या शंभर पानांनंतर गंमत ओसरू लागते. बेनेटच्या पाचही मुली चीनमध्ये जाऊन मल्लविद्या शिकून आलेल्या आहेत, डार्सीच्या मावशीच्या पदरी जपानी मारेकरी आहेत, नाचाचा कार्यक्रम रंगात आला की खिडक्या फोडून प्रेते आत येतात आणि मुली घागऱ्याखालून खंजीर काढतात. पहिल्यांदा हसू येते, चौथ्यांदा येत नाही. काही विनोद सरळसरळ पाचकळ आहेत. चीन आणि जपान तर त्यात नाटक कंपनीच्या पडद्यासारखे रंगविलेले आहेत, त्यांत माणूस नाही. असे असूनही एकदोन जागा अशा निघाल्या की पुस्तक खाली ठेवून मी अंधारात पाहत बसलो. त्या जागांकडे मी शेवटी येईन.

माझ्या एका निवृत्त प्राध्यापक मित्राने पुस्तकाचे नाव ऐकताच कान झाकले. त्यांचे म्हणणे असे, की अभिजात प्रेमकथेत भुते घालणे हा वाङ्मयाचा भ्रष्टाकार आहे, आणि तो आजच्या काळाने शोधून काढलेला आहे. या तक्रारीत दोन तक्रारी आहेत. एक, हे मिश्रण अपवित्र आहे. दुसरी, ते नवे आहे. पहिलीचा निकाल ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे लावावा. दुसरी मात्र इतिहासाच्या कक्षेतली आहे आणि तिच्याविषयी मला निश्चित बोलता येते. ती खरी नाही; आणि ती खरी नाही याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या विदर्भातलाच आहे.

पण त्याआधी गाविलगड. ऑस्टिनबाईंच्या कादंबरीत मेरिटन नावाच्या गावी मिलिशियाची पलटण येऊन राहते. लाल डगल्यातले अधिकारी पाहून धाकट्या दोघी मुली वेड्या होतात. ही पलटण तिथे का आहे, कोणाशी लढायला आहे, याबद्दल कादंबरी फारसे बोलत नाही. त्या काळच्या वाचकाला ते सांगावे लागत नव्हते, कारण फ्रान्सशी युद्ध चालू होते. ग्रॅहम-स्मिथने ही पोकळी बरोबर हेरली आणि पलटणीला प्रेतांचा बंदोबस्त करण्याचे काम दिले. मला वाचताना दुसरेच आठवले. ऑस्टिनबाईंनी या कथेचा पहिला खर्डा १७९६-९७ साली लिहिला आणि छापली ती १८१३ साली. या दोन तारखांच्या मध्ये, १८०३ च्या डिसेंबरात, लाल डगले आपल्या अंगणात होते. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, नंतर स्टीव्हन्सनने उत्तरेकडून लाबाड्याच्या बाजूने तोफा चढविल्या, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. मेरिटनची मिलिशिया ही मायदेशातच राहणारी फौज, तीच इकडे आली असे मी म्हणत नाही. पण डगला तोच आणि सरकार तेच. त्या कादंबरीत जी गोष्ट दिवाणखान्याच्या बाहेर ठेवली आहे ती इथे चिखलदऱ्याच्या वाटेवर पडलेली होती. प्रेते आत आणल्यावर कादंबरी बाटली असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

शिवाय खुद्द ऑस्टिनबाई भुतांना अपरिचित नव्हत्या. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडात भयकथांची मोठी लाट आली होती. पडके किल्ले, काळे पडदे, तळघरातले सांगाडे अशी सामग्री असलेल्या ॲन रॅडक्लिफबाईंच्या कादंबऱ्या घरोघर वाचल्या जात. ऑस्टिनबाईंनी या प्रकाराची यथेच्छ टर उडविणारी ‘नॉर्थँगर ॲबी’ ही कादंबरी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस बाहेर आली. म्हणजे भय आणि हसू यांची प्रेमकथेशी गाठ त्यांनी स्वतःच घातलेली आहे. पण तो इंग्रजांचा प्रश्न. तो त्यांच्याकडे सोडून आपण आपल्या घरी येऊ.

आपल्याकडे प्रेते बोलतात, आणि तीही रसाळ. वेताळाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. विक्रमराजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेतो आणि त्या प्रेतातला वेताळ त्याला वाटेत गोष्टी सांगतो. या गोष्टींत निम्म्याहून अधिक लग्नांच्या आणि प्रेमाच्या आहेत. एका मुलीचे तीन वर, डोकी बदललेले नवरा आणि भाऊ, अशा पेचांचा निवाडा राजाने करावयाचा. मराठीत छापील गद्य नुकते रांगू लागले होते तेव्हाच, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. पाश्चात्त्यांचा झॉम्बी हा मुळात हैती बेटावरचा, गुलामगिरीच्या छायेत जन्मलेला. मेल्यावरही मालकाच्या शेतात राबणारा तो गरीब बिचारा बोलत नाही. पुढे जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने १९६८ च्या चित्रपटात त्याला माणूसखाऊ केले. आमचा वेताळ त्या मानाने फारच सुशिक्षित म्हटला पाहिजे.

मग कालिदास घ्या. ‘शाकुंतला’पेक्षा अधिक अभिजात प्रेमकथा आपल्याकडे नाही, याविषयी वाद नसावा. त्याच्या सहाव्या अंकात दुष्यंताला अंगठी मिळाली आहे, शकुंतला आठवली आहे, तिचे चित्र समोर ठेवून तो विलाप करतो आहे. करुण विप्रलंभ अगदी शिगेला पोचलेला. आणि अशा वेळी काय होते? एक अदृश्य शक्ती विदूषकाला उचलून महालाच्या गच्चीवर नेते आणि त्याची मान मुरगळू लागते. तो बापडा ओरडतो की माझा ऊस मोडल्यासारखा चुराडा होतो आहे. राजा धनुष्य घेऊन धावतो. शेवटी कळते की तो इंद्राचा सारथी मातली. शोकात बुडालेल्या राजाला खडबडून जागे करण्यासाठी, त्याचा राग चेतविण्यासाठी त्याने हा बनाव केला. प्रेक्षक भ्यायला, लगेच हसला, आणि राजा युद्धाला निघाला. भुताची भीती, विदूषकाचे हसू आणि प्रियेचा विरह हे तिन्ही एका पानावर. कालिदासाला हे चालते, त्याच्या भक्तांना चालत नाही.

तरी कालिदासाचा हा प्रसंग चार क्षणांचा आहे. अख्खी प्रेमकथाच स्मशानावर बेतण्याचे धाडस केले ते भवभूतीने. आणि भवभूती आपला. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत तो आपले गाव सांगतो: पद्मपूर. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत ते विदर्भात असल्याचेही म्हटले आहे. महामहोपाध्याय मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे आजच्या गोंदिया जिल्ह्यातले गाव, असे प्रतिपादन केले. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा कवी, कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेला. त्याची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत खेळली गेली असे त्या नाटकांतच सांगितले आहे. यात्रेत, हे ध्यानात ठेवा. बंदिस्त दिवाणखान्यात नव्हे. आपल्या बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते, तिथे हंडीतले मटण शिजत असे आणि एकेकाळी तमाशाचे तंबू लागत. बहिरम म्हणजे भैरव. कालप्रियनाथाच्या यात्रेचे चित्र मनापुढे आणायचे तर मला बहिरमच जवळचे वाटते. अशा गर्दीला दहा अंक बसवून ठेवायचे तर नुसत्या चंद्रप्रकाशावर कसे भागणार?

आता कथा ऐका. पद्मावती नगरीच्या राजाचा मंत्री भूरिवसू. त्याची मुलगी मालती. विदर्भाचा मंत्री देवरात. त्याचा मुलगा माधव. दोघे मंत्री विद्यार्थिदशेतले मित्र, आणि आपल्या मुलांची लग्ने एकमेकांशी लावू असे त्यांनी तेव्हाच ठरविलेले. माधव न्यायशास्त्र शिकायला कुंडिनपुराहून पद्मावतीला आलेला आहे. कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. विदर्भाने संस्कृत वाङ्मयाला मुली भरपूर दिल्या: लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी, इंदुमती, मालविका. मुलगा म्हणावा असा भवभूतीने दिला, आणि तो बाहेरगावी शिकायला गेलेला वऱ्हाडी विद्यार्थी निघाला. अभ्यासापेक्षा प्रेमात लवकर प्रावीण्य मिळवणारा, हे सांगायला नकोच.

अडचण अशी की राजाच्या मनात मालती आपल्या नर्मसचिवाला, नंदनाला द्यायची आहे. नंदन वयस्क, कुरूप, पण राजाचा लाडका. भूरिवसू उघड नकार देऊ शकत नाही. तो द्व्यर्थी होकार देतो आणि आतून कामंदकी नावाच्या वृद्ध बौद्ध भिक्षुणीकडे सारा कारभार सोपवितो. मुलीला मात्र हे आतले काही ठाऊक नाही. तिला एवढेच दिसते की बापाने आपल्याला राजाच्या मर्जीखातर देऊन टाकले. राजाला खूश ठेवणे बाबांना मोठे, मालती मोठी नव्हे, अशा अर्थाचे बोल ती काढते.

पाचवा अंक स्मशानात उघडतो. निराश झालेला माधव पिशाचांना नरमांस विकून सिद्धी मिळवावी म्हणून मध्यरात्री तिथे आला आहे. हातात मांस, ओठांवर मालतीच्या आठवणी. हा विद्यार्थी स्मशानात हिंडताना प्रियेचे स्मरण करतो आणि पुढच्याच श्लोकात जबडे वासणाऱ्या, लांब सुळ्यांच्या पिशाचांचे वर्णन करतो. त्यातला एक श्लोक, प्रेत कुरतडणाऱ्या भुकेल्या पिशाचाचा, इतका नामांकित झाला की पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून तोच घेतला. परंतु माझ्या दृष्टीने खरी करामत दुसऱ्या श्लोकात आहे. तिथे पिशाचांच्या बायका आहेत. त्यांनी आतड्यांची मंगलकंकणे बांधली आहेत. मेलेल्या स्त्रियांचे हात लाल कमळांसारखे कानांवर खोवले आहेत. हृदयांच्या माळा डोक्यावर घातल्या आहेत. रक्ताच्या चिखलाचे कुंकू लावले आहे. आणि आपापल्या प्रियकरांसह कवट्यांच्या पेल्यांतून हाडांतील मज्जेचे मद्य पीत आहेत. श्रोतेहो, हे काय आहे? ही लग्नघरातली शृंगाराची सामग्री आहे. कंकण, कर्णफूल, माळ, कुंकू, मद्यपान. शृंगारिक कवितेतला एकही दागिना भवभूतीने वगळलेला नाही, फक्त प्रत्येक दागिन्याच्या जागी शरीराचा एकेक तुकडा ठेवला. फिलाडेल्फियात २००९ साली जे केले गेले ते हेच, आणि इतके थोडक्यात, इतके नेमके त्यांना साधलेले नाही.

तेवढ्यात चामुंडेच्या देवळातून किंकाळी येते. आवाज ओळखीचा. अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची शिष्या कपालकुंडला यांनी गच्चीवर निजलेल्या मालतीला उचलून बळी देण्यासाठी आणले आहे. अंगावर लाल वस्त्र, लाल माळ, अळता. बळीचा वेश आणि नवरीचा वेश यांत काय अंतर उरले, हे प्रेक्षकाने पाहावे. आणि या घडीला ती मुलगी हाक मारते ती प्रथम बापाला. निर्दय बाबा, राजाचे मन राखण्याचे तुमचे साधन आता नाहीसे होते आहे, असा तिच्या आक्रोशाचा भावार्थ. समोर कापालिक तलवार घेऊन उभा आहे आणि ती बोलते आहे आपल्या लग्नाबद्दल!

‘मालतीमाधव’ मी विद्यार्थी असताना वाचले तेव्हा पाचवा अंक म्हणजे कवीने प्रेक्षकांना घाबरविण्यासाठी घातलेला मसाला, असे आमच्या वर्गात सांगितले गेले होते आणि मीही ते उत्तरपत्रिकेत लिहिले होते. गुणही मिळाले. आज मला ते उत्तर चूक वाटते. बापाच्या दरबारी राजकारणात एका मुलीचा जो बळी चालला आहे, तो सभ्य भाषेत दाखविता येत नव्हता, म्हणून भवभूतीने तो देवीपुढे, तलवारीखाली, अक्षरशः दाखविला. भुते नसती तर ते लग्न एक सोयरीक म्हणून निभावून गेले असते.

माधव अघोरघंटाला मारतो. आणि मग भवभूती, जो आपल्या कोणत्याही नाटकात विदूषक ठेवीत नाही आणि ज्याला आपण करुणरसाचा राजा म्हणून ओळखतो, तो हसवू लागतो. राजाने मालतीसाठी लग्नाचे दागिने पाठविले आहेत. ते तिच्याऐवजी माधवाचा मित्र मकरंद अंगावर चढवितो. मालती माधवाबरोबर देवळातूनच निघून जाते आणि नंदनाच्या घरी नवरी म्हणून जातो तो हा धट्टाकट्टा तरुण. पहिल्या रात्री नंदन पाया पडतो, मग जबरदस्ती करू पाहतो आणि नवरीच्या हातचा मार खाऊन बाहेर पडतो. त्याची बहीण मदयंतिका नव्या वहिनीला चार शब्द सुनवायला येते, तर पांघरुणाखाली तिचाच प्रियकर! हा वाघापासून तिचा जीव वाचविणारा मकरंद. पिंजऱ्यातून सुटलेला वाघही या नाटकात आहे, भवभूतीने काहीच बाकी ठेवले नाही. आपल्या चिखलदऱ्याला जी कीचकाची कथा लोक सांगतात तिचाच हा हसरा भाऊ. तिथे अंधाऱ्या नृत्यशाळेत सैरंध्री समजून कीचक जवळ जातो आणि हाती लागतो भीम. फरक एवढाच की कीचकाच्या देहाचा गोळा होतो, नंदनाचा फक्त पाणउतारा.

ग्रॅहम-स्मिथच्या पुस्तकात डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो, तो प्रसंग मूळ कादंबरीत शब्दांच्या तलवारबाजीचा आहे. नव्या पुस्तकात ती बोलता बोलता त्याच्यावर तुटून पडते आणि खरोखरीची हातापायी होते. वाचताना मला नंदन आठवला आणि मी मोठ्याने हसलो. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

आता शास्त्राचे दोन शब्द. शृंगार आणि बीभत्स हे एकमेकांचे वैरी, असे आपल्या साहित्यशास्त्राने मानले. पण वैरी म्हणजे एका घरात कधीच नांदू नयेत असे नव्हे. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या विरोधाचा परिहार कसा करावा ते सांगितले आहे. त्याने दिलेले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे: रणात पडलेले वीर स्वर्गात विमानात बसून अप्सरांच्या मिठीत आहेत, आणि खाली त्यांचीच प्रेते कोल्ह्यांच्या मिठीत पडलेली ते कुतूहलाने पाहत आहेत. मध्ये वीररस आहे म्हणून दोन्ही मिठ्या एका वाक्यात बसतात. हास्याबद्दल तर भरताने फार पूर्वीच सांगून टाकले की ते शृंगारापासून निपजते, शृंगाराची नक्कल म्हणजे हास्य. मिश्रण करू नका असे शास्त्र म्हणत नाही. ते म्हणते, कोणता रस कोणाच्या चाकरीला आहे ते ठरवा. माझ्या प्राध्यापक मित्रांचा आक्षेप मग शास्त्राचा नव्हे; तो आला कुठून?

तो बराच अलीकडचा आहे. शुद्धतेची चिंता पूर्वीही होती, नाही असे नाही. इथून जवळच्या रिद्धपूरच्या महानुभावांत भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ रचले तेव्हा ग्रंथ चांगला पण विरक्तांच्या कामाचा नाही, असा अभिप्राय वडीलधाऱ्यांनी दिल्याची कथा पंथात सांगतात. मग त्यांनी ‘उद्धवगीता’ लिहिली. पण तो प्रश्न संन्याशांचा होता. रंगभूमीवर मात्र भुतेराक्षस सुखाने नांदत होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढची तीस-चाळीस वर्षे राक्षस तोंडे रंगवून, आरोळ्या ठोकत, राळेचे भपकारे उडवीत लग्नाच्या कथांत शिरत होते. मुले भिऊन आईच्या पदराआड जात आणि तिथून डोकावून हसत. पुढे सुशिक्षितांनी या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके असे कुत्सित नाव दिले. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात उभे राहिले, ते अप्रतिम होते यात शंका नाही, पण त्यानंतर राक्षस जे विंगेत गेले ते सन्मानाने परत आले नाहीत. कादंबरीचेही तेच. १८६१ साली हळब्यांच्या ‘मुक्तामाले’त संकटे आणि अद्भुत यांची रेलचेल होती, आणि योगायोग असा की त्याच वर्षी कृष्णशास्त्री राजवाड्यांनी ‘मालतीमाधव’ मराठीत आणले. तीस वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली आणि अद्भुताची फॅशन गेली. हरिभाऊंना भुतांची गरज नव्हती. यमूच्या केशवपनाचा प्रसंग ज्यांनी वाचला आहे ते मला विचारणार नाहीत की का.

इतकी गंभीर कादंबरी मिळाल्यावर अद्भुत आणि भय हे मुलांचे आणि अडाण्यांचे खाद्य ठरले, आणि विनोदाला वेगळी खोली मिळाली. त्या खोलीचे पहिले मोठे भाडेकरू आपल्या वऱ्हाडातले वकील श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, हे आपण अभिमानाने सांगतो. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढली तेव्हा विडंबनाची कळ सर्वांना समजली: मूळ कविता ज्याला पाठ नाही त्याला विडंबनाचे हसू येत नाही. ग्रॅहम-स्मिथच्या पुस्तकालाही हा नियम लागू आहे. ज्याने ऑस्टिनबाई वाचल्या नाहीत त्याला ते निव्वळ मारामारीचे पुस्तक वाटेल. ज्याने वाचल्या आहेत तो दर पानावर थांबून पाहतो, की हे वाक्य तिचे की याचे? आणि आश्चर्य असे की पुष्कळदा सर्वांत जहरी वाक्य तिचेच निघते.

मराठीत प्रेते पुन्हा आली ती चित्रपटांतून. २०२२ च्या जानेवारीत आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ आला. डोंबिवलीच्या गृहसंकुलात प्रेते उठतात आणि माणसे भीतीने आणि हसण्याने सारखीच ओरडतात. तिथे प्रश्न पाण्याचा आणि झोपडपट्टीचा आहे, लग्नाचा नाही. लग्नाकडे भुताच्या डोळ्यांनी पाहण्याचे भवभूतीचे काम मराठीत अजून कोणी पुरतेपणी हाती घेतले आहे असे मला वाटत नाही.

आणि म्हणून त्या एकदोन जागा. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ल्युकस. सत्तावीस वर्षांची, दिसायला साधारण, पैसा नाही. कॉलिन्स नावाचा मूर्ख आणि लाळघोटा पाद्री तिला मागणी घालतो आणि ती डोळे उघडे ठेवून होकार देते, कारण डोक्यावर छप्पर हवे. मूळ कादंबरीतले हे प्रकरण मला नेहमीच सर्वांत खिन्न वाटत आले आहे. नव्या पुस्तकात शार्लटला लग्नाआधी प्रेतांचा संसर्ग झालेला आहे. ती हळूहळू मरते आहे, हे तिला ठाऊक आहे, मैत्रिणीला ठाऊक आहे. ती लग्न करून जाते. एलिझाबेथ तिच्या घरी पाहुणी म्हणून जाते तेव्हा शार्लटची जीभ जड झाली आहे, कातडीचा रंग गेला आहे, जेवणाचे भान सुटले आहे. आणि टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणालाही, तिच्या नवऱ्यालासुद्धा, काही वेगळे दिसत नाही. संसार नीट चालला आहे. चहा वेळेवर येतो.

हे वाचून मी पुस्तक मिटले. मागल्या महिन्यात आमच्या वाचनमंडळात मी हा भाग मराठीत सांगितला, तेव्हा मागे बसलेल्या एक वयस्क बाई, ज्या एरवी कधी बोलत नाहीत, म्हणाल्या, “घरात बाई मरून राह्यते अन् पोळ्या करत राह्यते, ते काई इंग्रजीतच होत नाही.” मग कोणी बराच वेळ बोलले नाही. माझ्या प्राध्यापक मित्रांनीही नाही, आणि तेही हजर होते.

चिटणीसांनी वेळेची चिठ्ठी पाठविली आहे, तेव्हा एक सूचना करून थांबतो. पुढल्या वर्षीच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या आणि सातव्या अंकाच्या जाहीर वाचनासाठी राखावी. भाषांतर नवे, आपल्या बोलीला जवळचे करून घेऊ. राजवाड्यांचे आहेच, पण ते आता मुलांना जड जाईल. कपालकुंडलेसाठी आपल्या कन्याशाळेतल्या एका शिक्षिकाबाईंनी आपणहून होकार दिला आहे. मालतीसाठी दोन नावे आहेत. मकरंदासाठी, म्हणजे नवरीच्या शालूत बसून नंदनाला बदडण्यासाठी, अद्याप कोणी पुढे आलेले नाही. इच्छुकांनी सभेनंतर मला भेटावे.